रिपोर्टमध्ये 'कॅटेगरी फोर-ए' लिहिलंय, म्हणजे चौथी स्टेज का? आईच्या कानाखालच्या गाठीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आईच्या (वय ५२, कराड) उजव्या कानाखाली गाठ आहे. तीन वर्षांपूर्वी चिंचोक्याएवढी होती, आता सुपारीएवढी झाली आहे. दुखत नाही म्हणून तिने लक्ष दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. मे महिन्यात एका लग्नाला निघताना तिला कुड्या घालून देत होते, तेव्हा उजव्या कानाची पाळी जराशी उचललेली दिसली. हाताला गाठ टणक लागली. बोटाने ढकलली की थोडी सरकत होती.

सोनोग्राफीत गाठ पॅरोटिडमध्ये, म्हणजे कानापुढच्या लाळग्रंथीत आहे असं कळलं. मग सुईची तपासणी केली, एफएनएसी. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते, मामाने आधी उघडला. त्यात शेवटी लिहिलंय: 'बिनाइन निओप्लाझम, प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा. मिलान सिस्टिम, कॅटेगरी फोर-ए.'

मामाला त्यातलं 'फोर' तेवढं दिसलं. आईसमोरच म्हणाला, "चौथ्या स्टेजला गेलंय, आणि वर सुई टोचली. सुई लावली की गाठ चिघळते, मी सांगत होतो." त्याचा जीव आहे बहिणीवर, मुद्दाम नाही बोलला. पण आई तीन दिवस दोन घासांवर आहे. काल रात्री फोनवर मला म्हणाली, "माझी पाटल्यांची डबी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, लक्षात ठेव."

सर्जनची वेळ गुरुवारची आहे. तोवर मला तिला काहीतरी खरं सांगायचं आहे, नुसतं 'काही होत नाही गं' नाही. बिनाइन म्हणजे साधी गाठ, इतकं मला माहीत आहे. मग निओप्लाझम कशाला लिहिलं? हे 'फोर' कसलं? सुईने खरंच गाठ पसरते का? आणि साधीच असेल तर ऑपरेशन का करायचं? सोनोग्राफीवाले डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल.

प्रतिसाद १

आधी आईंना जेवायला वाढा. हे चौथी स्टेज नाही. मी पॅथॉलॉजीत आहे, असले रिपोर्ट रोज हाताखालून जातात.

स्टेज ही कॅन्सर नक्की झाल्यावर, तो किती पसरलाय ते पाहून ठरवतात. मिलान सिस्टिमचे आकडे वेगळे. लाळग्रंथीतून सुईने काढलेल्या पेशी कोणत्या खणात टाकायच्या, त्याचे ते क्रमांक आहेत. एक म्हणजे नमुना अपुरा. दोन म्हणजे गाठीची वाढ नाही, सूज किंवा संसर्ग वगैरे. तीन म्हणजे नक्की सांगता येत नाही. चार म्हणजे पेशींची नवी वाढ, आणि त्यातलं 'ए' म्हणजे ती साधी. 'बी' असतं तर साधी की वाईट हे सुईवरून ठरलं नसतं. पाच म्हणजे कॅन्सरचा संशय, सहा म्हणजे कॅन्सर. फोर-ए मध्ये पुढे कॅन्सर निघण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी धरतात.

निओप्लाझमचा अर्थ 'नवी वाढ', एवढाच. ट्यूमर या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ तर नुसता 'सूज' असा आहे. शरीराला गरज नसताना पेशी वाढतच राहिल्या की गाठ होते. ती आपल्या जागी राहून शेजाऱ्याला फक्त ढकलत असेल तर बिनाइन. शेजारच्या भागात घुसली, रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून दुसरीकडे जाऊन रुजली, तर कॅन्सर. लाळग्रंथीच्या गाठींत प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा सगळ्यात जास्त दिसतो. स्लाइडवर तो लगेच ओळखू येतो: गिम्सा रंगात गडद राणी रंगाचे धागे पसरलेले असतात आणि पेशी त्या धाग्यांत अडकून बसलेल्या.

सुईचं म्हणाल तर ही सुई रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक असते. तिच्यामुळे गाठ पसरल्याची उदाहरणं अतिशय दुर्मिळ आहेत. मामांना सांगा, सुई लावली म्हणूनच तर गाठ साधी आहे हे कळलं.

तरी काढायची, कारण ही गाठ आपोआप विरत नाही, वाढत राहते, आणि बरीच वर्षं ठेवली तर काहींमध्ये पुढे कॅन्सर होतो. काढल्यावर अख्खी गाठ पुन्हा तपासायला पाठवतात, तो रिपोर्ट जपून ठेवा. मात्र गाठ एकदम भराभर वाढली, दुखू लागली, तोंड वाकडं झालं किंवा मानेत आणखी गाठी लागल्या, तर गुरुवारची वाट पाहू नका.

प्रतिसाद २

माझ्या वडिलांची हीच गाठ काढली. सर्जनना दोन गोष्टी नक्की विचारा. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते, पुढे तिला पाच मुख्य फांद्या फुटतात. डोळा मिटणं, हसणं सगळं तिच्यावर. म्हणून पॅरोटिडची ऑपरेशन्स नेहमी करणाऱ्यांकडेच जा. दुसरं, गाठ नुसती सोलून काढणार की भोवतीच्या थोड्या चांगल्या ग्रंथीसकट? हिचं आवरण सगळीकडे धड नसतं. सोलली तर बारीक कण मागे राहतात आणि वर्षांनी पुन्हा गाठी येतात.

बाबांचा ओठाचा कोपरा दोन-अडीच महिने लुळा होता. पाणी पिताना एका बाजूने ओघळायचं, ते हातरुमाल धरूनच बसायचे. मग हळूहळू भरून आलं. अजून जेवताना त्या गालाला घाम येतो, हेही आधी सांगून ठेवा, म्हणजे आई घाबरणार नाहीत.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रात्रीच्या गाडीने कराडला आले. आईशेजारी बसून पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, मामालाही. 'चार म्हणजे खण' हे त्याने दोनदा वाचायला लावलं आणि मग उठून बाहेर गेला. परत आला तो मंडईतून वांगी घेऊन, आईला भरलेली आवडतात म्हणून.

आईने एकच विचारलं, "कुड्या परत घालता येतील ना?" हाही प्रश्न गुरुवारच्या कागदावर लिहून घेतलाय. काप कानापुढून खाली जातो असं वाचलं. पाळीचं काय होतं, कुणाला अनुभव असेल तर लिहा.