मदत हवी आहे : बुकिंगच्या बैठकीत थोडक्यात कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. मी वडसा भागात झाडीपट्टीसाठी, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीसाठी, नाटकं लिहितो. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रांचा हंगाम, त्याआधी नाटक ठरवणाऱ्या गावोगावच्या मंडळांसोबत बैठका. त्यांना कथा काय आन् दर किती, एवढंच हवं असते. मी पात्र कसं सुचलं इथून सुरू करतो, अर्धा तास जातो. परवा त्यातच एक बुकिंग हातचं गेलं, फार लागलं मनाला.

धानवाला मूठभर दाणे पुढे करतो. न उभ्या राहिलेल्या नाटकाचा नमुना माझ्याजवळ नसतो, ते शब्दांनीच दाखवावं लागते. नेपथ्य करणारे, पेटीवाले मित्रही असंच लांबवतात.

रात्रभराचं नाटक दोन मिनिटांत, त्यातला जीव राखून, तुम्ही कसं सांगता? अनुभव असेल तर सांगा जी.