लेन्स तोंडावर पडली: कंपनीचं एस्टिमेट मान्य करू का?

अर्धवटफोकस:

माझी २४-७० एफ/२.८ लेन्स (२४ ते ७० मिमीची झूम) पडली. पडली म्हणजे मीच पाडली. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, कॅमेऱ्याखालची प्लेट खट्ट वाजली, मला वाटलं बसली. कसली बसतेय! हेड तिरकं करायला गेले आणि सगळं धूड तोंडावर फरशीवर. गुडघ्याएवढ्याच उंचीवरून, पण पुढे लेन्स होती म्हणून सगळा मार तिने खाल्ला. बॉडीवर दुसरी लेन्स लावून पाहिली, ती ठणठणीत आहे.

लेन्सपुढे लावलेल्या यूव्ही फिल्टरची काच फुटली आणि त्याची रिंग चेपून लेन्सच्या तोंडात रुतून बसली. काचेचे तुकडे लेन्स उलटी धरून झटकले, उरलेला चुरा ब्लोअरने उडवला. पुढच्या भिंगावर दोन बारीक चरे दिसतात. झूम रिंग २४ ते ३५ पर्यंत नीट फिरते, तिथे कर्रकन अडते. ऑटोफोकस चालू आहे. पण फोटोत डावी बाजू मऊ येते. सर्व्हिसला देण्याआधी घरातल्यांचा एक ग्रुप फोटो काढून बघितला. उजवीकडच्यांच्या पापण्या मोजून घ्या, आणि डाव्या टोकाच्या मावशी मात्र वाफेतून बघितल्यासारख्या. एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं की, जरा बरं, तरी फरक उरतोच.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून एस्टिमेट आलंय: नव्या लेन्सच्या किमतीच्या साधारण ४० टक्के. त्यात एकच ओळ आहे, 'फ्रंट बॅरल व झूम असेंब्ली बदलणे'. वॉरंटी अजून पाच महिने आहे, पण आपटून झालेलं नुकसान तिच्यात बसत नाही. ते मान्य, त्यावर भांडण नाही.

आता मान्य करू, की परत मागवून बाहेरच्या कारागिराकडे देऊ? हो-नाही कळवायला आठवडा आहे.

---

उलटाचष्मा:

झूम अडकणं दिसायला भयंकर, पण तुमचं खरं दुखणं डावी बाजू आहे. आतल्या भिंगांचा एखादा गट कलला किंवा बाजूला सरकला की एक कड फोकसमधून जाते. डिसेंटरिंग म्हणतात ते हेच. एफ/८ ला बरं वाटतं, कारण छिद्र लहान केलं की डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येतं ते) वाढते आणि दोष झाकला जातो. जात नाही.

ग्रुप फोटोवरून मात्र ठरवू नका. मावशी अर्धा फूट मागे उभ्या असतील तरी असंच दिसेल. लेन्स परत आली की हे करा: विटांची भिंत किंवा भिंतीवर चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद, कॅमेरा ट्रायपॉडवर, छिद्र पूर्ण उघडं, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, मध्यावर फोकस. एक फोटो सरळ, दुसरा कॅमेरा पूर्ण उलटा करून. दोन्ही फाइल कॅमेऱ्यातून आल्या तशाच बघा, फिरवू नका. दोन्हींत डावीच बाजू मऊ असेल तर दोष लेन्सचा. दुसऱ्या फोटोत मऊपणा उजवीकडे गेला तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता, एवढंच.

चऱ्यांची चिंता सोडा. पुढच्या भिंगावरचे दोन बारीक चरे फोटोत दिसत नाहीत. सूर्य किंवा दिवा थेट लेन्समध्ये आला तर जरा जास्त फ्लेअर (प्रकाशाची झळाळी) येईल, तेवढंच. मागच्या भिंगावर असते तर मी वेगळं बोललो असतो.

---

चकतीवाला:

लेन्स दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांब लिहितो.

झूम लेन्समध्ये एकात एक नळ्या असतात. एका नळीला तिरके खाचे, आणि त्या खाच्यांतून दुसऱ्या नळीला जोडलेले छोटे रोलर पळतात. रोलर बहुधा प्लास्टिकचे, मधून स्क्रू. समोरून आपटलं की सगळा धक्का या रोलरवर येतो. एखादा चपटा होतो किंवा खाच्याची कड दबते, मग रिंग तुमच्यासारखी ठरावीक जागी अडते. जोर लावू नका, लावलात तर उरलेले रोलरही जातील. एस्टिमेटमध्ये हाच भाग बदलायचं लिहिलंय आणि ते बरोबर आहे. कंपनी सुटा रोलर सहसा बदलत नाही, अख्खी असेंब्ली बदलते. महाग त्यामुळेच.

आता मला खटकलं ते. त्या ओळीत ऑप्टिकल अॅडजस्टमेंट, म्हणजे भिंगं जुळवणं, कुठे आहे? डाव्या बाजूबद्दल त्यात अवाक्षर नाही. जॉब कार्डवर तक्रार काय लिहिली आहे ती आधी बघा. टेबलावरचा माणूस तुम्हाला भेटलेला नसतो, त्याच्यापुढे तो कागद असतो. कागदावर 'झूम जाम' असेल तर तो झूम मोकळा करील, फोकस तपासील आणि पाकीट बंद करील. त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

तेव्हा फोन नको, लेखी कळवा: 'डावी कड मऊ, कोणत्या फोकल लेंग्थला किती, छिद्र कितीवर.' सोबत एडिट न केलेल्या मूळ फाइल पाठवा. 'फोटो नीट येत नाहीत' या वाक्याने कुणाचंच भलं होत नाही. आणि सुधारित एस्टिमेट मागा.

बाहेरचा चांगला कारागीर अडकलेली फिल्टरची रिंग कापून काढील, रोलरही बदलील. पण भिंगांचा कल सुधारायला गटाखालच्या कागदाएवढ्या पातळ चकत्या बदलाव्या लागतात किंवा विकेंद्री स्क्रू (फिरवले की भिंग किंचित सरकवणारे) फिरवावे लागतात, आणि दर वेळी चार्टवर मोजून बघावं लागतं. शिवाय झूमची गंमत अशी की ७० ला जुळवली की २४ ला बिघडू शकते. कंपनीकडे त्यासाठी यंत्र आणि ठरलेली मापं असतात. काही बाहेरचे लोक नजरेने करतात, जमतंही, पण ४० टक्क्यांचा प्रश्न असेल तर मी कंपनीलाच हो म्हणेन.

घरी उघडायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. जपानी लेन्सचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण त्यांचं माप जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचं. साध्या पेचकसाने खाच झिजते, आणि नंतर आम्ही शिव्या देतो.

---

कटाक्ष:

तीनच गोष्टी. नाही म्हणालात तर तपासणीचे पैसे लागतात का ते विचारून ठेवा, मला लागले होते. आणि दुरुस्तीवर स्वतंत्र वॉरंटी असते, किती महिन्यांची ते बिलावर लिहून घ्या. बदललेले जुने भागही मागा. काही ठिकाणी देत नाहीत, पण आधी सांगितलं तर निदान कारण तरी कळतं.

माझी लेन्स 'दुरुस्त' होऊन आली तेव्हा आत काहीतरी लडबडत होतं. घाबरून परत नेली, तर ते स्टॅबिलायझरचं (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचं) मोकळं भिंग निघालं. कॅमेरा बंद असताना कित्येक लेन्समध्ये तसं हलतंच. फुकट खेप.

---

अर्धवटफोकस:

सगळं झालं, म्हणून लिहिते.

चकतीवाला, तुमचा अंदाज जागेवर बसला. जॉब कार्डवर 'पडली, झूम जाम, फिल्टर अडकला' एवढंच होतं. आणि ते मीच काउंटरवर बोलले होते! डाव्या बाजूचं रडगाणं इथे तुमच्यापुढे गायलं, तिथे अवाक्षर नाही. लेखी कळवलं, ग्रुप फोटोच्या मूळ फाइल पाठवल्या. सुधारित एस्टिमेट आलं, रक्कम तीच, ओळीत 'ऑप्टिकल अॅडजस्टमेंट' हे शब्द वाढलेले.

१६ दिवसांनी लेन्स आली. झूम लोण्यासारखा फिरतो, नवी होती तेव्हाही इतका नव्हता. वर्तमानपत्राची चार पानं दाराला चिकटवली आणि सरळ-उलटे फोटो काढले. ७० ला दोन्ही कडांची बारीक अक्षरं सारखी. ३५ लाही. २४ ला मात्र डाव्या कडेच्या मथळ्याखालचा मजकूर पुसट, आणि कॅमेरा उलटा केला तरी डावीकडेच. म्हणजे उलटाचष्मा यांच्या हिशोबाने दोष लेन्सचाच.

दोन्ही फाइल जोडून परत पाठवली. मनात वाद घालायची पूर्ण तयारी होती, भाषणसुद्धा पाठ केलं होतं. त्यांनी काही न विचारता दुरुस्तीच्या वॉरंटीत घेतली. नऊ दिवसांनी आली, आता २४ ला कोपऱ्यात अगदी किंचित फरक आहे, तोही ४०० टक्के मोठं करून मीच शोधत बसले म्हणून.

जुने भाग मागितले होते, छोट्या पिशवीत मिळाले. त्यात एक पांढरा रोलर आहे, शर्टाच्या बटणाहून लहान. एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने नखाने दाबल्यासारखा सपाट. एवढ्याशा गोष्टीने मला ३५ च्या पुढे जाऊ दिलं नव्हतं.

ट्रायपॉडची प्लेट आता बसवून झाली की कॅमेरा धरून एकदा ओढून बघते. मावशींवर परिणाम जास्त झालाय. ग्रुप फोटो म्हटलं की त्या आधी विचारतात, 'तुझी डावी बाजू कुठली?' आणि मधे येऊन उभ्या राहतात.

---

चकतीवाला:

तो कोपऱ्यातला किंचित फरक नव्या लेन्समध्येही सापडला असता. आता भिंतींचे फोटो बंद करा.