आरए फॅक्टरच्या आधी एक प्रश्न

वर कुणीतरी लिहिलंय, 'आईचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला, म्हणजे आमवातच.' थोडं थांबा. रक्ततपासणीतला हा फॅक्टर निरोगी म्हाताऱ्या माणसांतही सापडतो, हेपॅटायटिस सी मध्येही. उलट खरा आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असून तो निगेटिव्ह येणारेही बरेच असतात. अँटी सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी जास्त नेमकी, पण तीही नंतरची गोष्ट.

आधी आईला विचारा, सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? सांध्याच्या झिजेच्या दुखण्यात दहा-पंधरा मिनिटांत मोकळे होतात, फार तर अर्धा तास. मग दिवसभर वापरलं की संध्याकाळी ठणका. आमवातासारख्या दाहाच्या आजारात तासभर मूठ वळत नाही आणि हालचालीने उलट बरं वाटतं. मग बोटं दाबून बघा. नखाजवळच्या पेरावर हाडासारखी टणक गाठ असेल तर बहुधा झीज. मनगट आणि बोटांच्या मुळाशी मऊ, गरम, कणकेसारखी सूज असेल तर आमवाताची शंका घ्यायची. (सोरायसिस या त्वचेच्या आजारातला संधिवात मात्र नखाजवळचं पेरही धरतो, तेव्हा कोपर आणि डोक्याची त्वचाही बघायची.)

चिकुनगुन्या होऊन गेलाय का, हे आपल्याकडे विचारायलाच हवं. त्यानंतरची सूज महिनोन्‌महिने राहते आणि हुबेहूब आमवातासारखी दिसते.

गुडघ्यात पाणी असेल तर ते काढून तपासणं सगळ्यात बोलकं. पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला 2,000 च्या आत असतील तर सहसा दाह नाही. एकच सांधा लालभडक आणि सोबत ताप असेल तर मात्र इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.