कपड्यांपेक्षा वेळ सांभाळा

मेंबर मित्राबरोबर पाहुणा म्हणून गोल्फ खेळायला जाताना जीन्स चालेल का, कॉलरवाला टी-शर्टच हवा का, यावर इथे बराच खल झालाय. ते क्लबागणिक बदलतं. नेणाऱ्याला एक फोन करा, विषय संपला.

मेंबर मंडळी खरी वैतागतात ती रेंगाळणाऱ्या पाहुण्यावर. हरवलेला बॉल शोधायला २०१९ पासून ३ मिनिटंच मिळतात, पूर्वी ५ होती. मागचा ग्रुप ताटकळला असेल तर त्यांना सरळ पुढे जाऊ द्या.

दुसरं म्हणजे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत. उंचावरून पडलेल्या बॉलने तिथे खळगा पडतो. फोर्क (खळगा बुजवायचा छोटा काटा) कडेने खुपसून गवत मध्याकडे ढकलायचं आणि वरून पटरने (ग्रीनवर बॉल ढकलायच्या काठीने) थोपटायचं. बरेच जण खालून उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि तपकिरी डाग राहतो. दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर, म्हणजे त्याचा बॉल ज्या वाटेने भोकाकडे जाणार तिच्यावर, पाय नको. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) निघताना रेक फिरवून वाळू सारखी करा (बॅग उचलणारा कॅडी आपला घरगडी नसतो, हे काहींना सांगावं लागतं).

आणि हो, अनेक क्लबांत पाहुण्याकडून पैसे घेतच नाहीत, सगळं मेंबरच्या खात्यावर चढतं. म्हणून ग्रीन फी (खेळायचं शुल्क) किती ते आधी विचारून घ्या, आणि कॅडीची टिप तरी तुम्हीच द्या.