भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर महिना १५०० नॉन-ऑक्युपन्सी, हे बरोबर आहे का?

डोंबिवलीकर_बंगलोरात:
नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा डोंबिवलीतला फ्लॅट भाड्याने दिला, तेव्हापासून सोसायटी मेंटेनन्सच्या वर महिना १५०० नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात तो चार्ज) लावतेय, दोन वर्षं झाली. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणतात जनरल बॉडीत ठराव पास झालाय, सगळेच भरतात. बिल ४३०० चं येतं. खरंच एवढं घेता येतं का?

माजी_खजिनदार:
नाही घेता येत. १ ऑगस्ट २००१ चा जीआर आहे, सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचा, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आणि १० टक्के पूर्ण बिलाचे नाहीत हां, इथेच बहुतेक जण फसतात. वॉचमन, सफाई, कॉमन लाईट, ऑफिस खर्च हे सर्व्हिस चार्जेस, प्रॉपर्टी टॅक्स, पाणी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवतात तो), रिपेअर फंड त्यात धरायचे नाहीत. ठराव एकमताने केला तरी जीआरच्या वर जाता येत नाही, मुंबई हायकोर्टाने २००७ मधे मोंट ब्लँक सोसायटीच्या केसमधे हा जीआर कायम ठेवलाय.

कोथरूडची_मीना:
आधी एक बघा, तुमची सोसायटीच आहे ना? आमच्याकडे पुण्यात बऱ्याच ठिकाणी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालचं असोसिएशन असतं, तिथे डीड ऑफ डिक्लरेशन (असोसिएशनचा मूळ नोंदणी दस्त) आणि त्याचे बायलॉज बघावे लागतात, हा जीआर सोसायट्यांसाठी आहे. माझे दीड वर्ष चुकीच्या ऑफिसात हेलपाटे झाले म्हणून कळकळीने सांगते.

माजी_खजिनदार:
मीनाताई बरोबर. अजून एक, रागाने बिल भरणं बंद करू नका, थकबाकीदार ठरवतील आणि आदर्श उपविधीत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) २१ टक्क्यांपर्यंत व्याजाची तरतूद आहे. हरकत नोंदवून भरा, लेखी पत्र द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार. आणि फ्लॅटमधे भाडेकरूऐवजी लग्न झालेली मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तर हा चार्ज लागतच नाही, ते कित्येकांना माहीतच नसतं.

डोंबिवलीकर_बंगलोरात:
सोसायटीच आहे, रजिस्ट्रेशन नंबर बिलावरच आहे. बिल काढून बसलो, सर्व्हिस चार्जेस १८५० आहेत म्हणजे १८५ व्हायला हवे होते. महिना १३१५ जास्त, २४ महिन्यांचे ३१,५६०. पत्र आज लिहितोय, परताव्याची मागणी त्यातच घालतो, आणि आमच्याच विंगमधल्या अजून चार जणांनी फ्लॅट भाड्याने दिलेत, त्यांनाही सह्यांसाठी फोन करतो.