सीपीआर प्रत्येकाला द्यायलाच हवा का?

रातपाळी:
अकरा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. परवा ८१ वर्षांच्या आजोबांना आम्ही चाळीस मिनिटं सीपीआर दिला, म्हणजे थांबलेलं हृदय चालू व्हावं म्हणून छाती दाबत राहिलो. कॅन्सर हाडांत पसरलेला. पहिल्या काही दाबांतच बरगडी मोडल्याचं तळहाताला कळलं. अ‍ॅड्रेनलिनवर अ‍ॅड्रेनलिन, मॉनिटरवर सरळ रेघ. बाहेर मुलगा म्हणत होता, "सगळं करा." सगळं म्हणजे काय, हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. अशा पेशंटवर सीपीआर सुरूच करू नये, असं माझं मत आहे. आयसीएमआरने २०२० मध्ये डीएनएआरची, म्हणजे 'हृदय थांबलं तर सीपीआर देऊ नये' असं आधीच ठरवून लिहून ठेवण्याची, मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण आमच्या वॉर्डात ती अजून पोचलेली नाहीत.

कॅज्युअल्टीवाला:
सिस्टर, तुमचा त्रास समजतो, पण हे वाचून लोक रस्त्यात पडलेल्यालाही हात लावणार नाहीत. आमच्याकडे ४४ वर्षांचे रिक्षावाले आले होते. स्टँडवर कोसळल्या कोसळल्या शेजारच्या पोरानं छाती दाबायला घेतली होती. व्हीएफ होतं, म्हणजे हृदय नुसतं थरथरत होतं, दोनदा विजेचा शॉक दिला, आठवड्याभरात चालत घरी गेले. कुणीच दाबलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. २०२१ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन मैदानातच कोसळला होता. तिथल्या तिथे सीपीआर आणि शॉक मिळाला, म्हणून पुढे पुन्हा खेळू शकला.

रातपाळी:
रिक्षावाल्यांबद्दल वाद नाहीच. माझं बोलणं आजोबांबद्दल आहे. नातेवाइकांच्या डोक्यात टीव्ही असतो. १९९६ साली अमेरिकन मालिका तपासल्या, तर त्यांत सीपीआर मिळालेले चारांतले तीन लगेच वाचत होते. तिथल्या खऱ्या हॉस्पिटलांत दाखल असताना हृदय थांबलेल्या चार-पाच जणांतला एक घरी जातो.

धाकटी लेक:
मी नातेवाईक म्हणून लिहिते. आईच्या वेळी रात्री दोनला कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या माझ्यापुढे कागद धरला. "सीपीआर नको, इथे सही करा." दादा गाडीत होता, फोन लागेना. मी सही केली. चार वर्षं झाली, अजून वाटतं आईला मीच सोडलं. रातपाळीताई, तुम्ही म्हणता तसं करायचं तर ते असं करू नका.

रातपाळी:
ताई, ती सही तुमच्याकडून तशी घ्यायला नको होती. दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी, खुर्चीवर बसवून, दादांसमोर बोलायला हवं होतं. चूक आमच्या बाजूची, तुमची नाही.

कॅज्युअल्टीवाला:
हे मान्य. पण माझ्याकडे पेशंट येतो तेव्हा ते बोलणं झालेलं नसतं. फाईलवर काही लिहिलेलं नसेल, तर ८१ असो की ४४, मी दाबणारच.