मदत हवी आहे: नांदेडहून माहूर करून संध्याकाळच्या आरतीला परत पोचता येईल का?

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन नांदेडला जातोय. रेल्वेची तिकिटं झाली, हॉटेल स्टेशनजवळ घेतलंय. हाती पूर्ण दोन दिवस.

पहिला दिवस हजूर साहिब गुरुद्वाऱ्यासाठीच. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी इथेच ज्योतीज्योत समावले (म्हणजे देह ठेवला), त्यामुळे बाबांना तिथे घाई नकोय. संध्याकाळची आरती आणि नंतरचं शस्त्रदर्शन त्यांना दोन्ही दिवस हवंय! दुसऱ्या दिवशी आईला माहूरची रेणुका. नकाशावर अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास दिसतं, पण वेळ दर वेळी वेगळी दाखवतो. दोन गाडीवाल्यांना विचारलं. एक म्हणतो 'आरामात होतं', दुसरा म्हणतो 'मुक्काम करा'. औंढा नागनाथ आणि कंधारचा किल्ला आम्ही आधीच सोडलेत, ते सुचवू नका.

अडचण आईच्या गुडघ्यांची. दहा-बारा पायऱ्या झाल्या की कठडा धरून थांबते. मांडी घालता येत नाही.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा: पहाटे पाचला निघून फक्त रेणुकादर्शन केलं, दत्तशिखर सोडलं, तर आरतीपर्यंत परत येता येईल का? गडावर पायऱ्यांना पर्याय, डोली वगैरे, मिळतो का? आणि लंगरमध्ये आईला खुर्चीवर बसून जेवता येईल का?